डिस्क दिसत नाही? नेमकी कुणाला दिसत नाही ते आधी बघा

मी व्हिडिओ संपादन करणाऱ्या एका कंपनीत यंत्रं सांभाळते. इथे माणसांपेक्षा डिस्क जास्त आहेत. टेबलावर, खणात, बॅगांमध्ये, आणि एकदा तर खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात तापत पडलेली. त्यामुळे "अगं, डिस्क दिसत नाहीये" हे वाक्य माझ्या कानावर सतत पडतं, आणि त्यावर माझे दोन प्रश्न ठरलेले आहेत. एक, आत जे आहे त्याची दुसरी प्रत कुठे आहे का? दोन, दिसत नाही म्हणजे नेमकी कुठे दिसत नाही?

पहिल्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला की मला उत्तर कळतं. मग त्या डिस्कशी वागायची रीतच बदलते. कोरी किंवा प्रत असलेली डिस्क असेल तर वाटेल ते प्रयोग करा. प्रत नसेल तर 'फॉरमॅट', 'इनिशियलाइझ', 'रिपेअर' असले शब्द असलेल्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. संगणक कितीही नम्रपणे विचारू दे, उत्तर 'कॅन्सल'.

दुसरा प्रश्न लोकांना उगाच खोदून विचारल्यासारखा वाटतो. पण डिस्क तीन पायऱ्यांवर दिसावी लागते. सगळ्यात खाली मदरबोर्डचं बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणारी, यंत्रातच बसवलेली प्रणाली. हल्ली त्याच्या जागी यूईएफआय असतं, पण सगळे बायोसच म्हणतात, मीही तेच म्हणते. त्याच्या वर विंडोज, मॅक किंवा लिनक्स ही कार्यप्रणाली. आणि सगळ्यात वर तुमच्या फाइलींची खिडकी, जिथे ड्राइव्हला अक्षर किंवा नाव मिळतं. बायोसलाच दिसत नसेल तर दोष वायरीत, विजेत, स्लॉटात, सेटिंगमध्ये किंवा खुद्द डिस्कमध्ये. तिथे ड्रायव्हर शोधत बसणं म्हणजे वेळ घालवणं. उलट, विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये डिस्क दिसते आणि फक्त 'धिस पीसी'त नाही, अशी स्थिती असेल तर स्क्रूड्रायव्हर खणातच राहू द्या. लोक नेमकं उलटं करतात. साधं अक्षर हरवलेलं असतं आणि ते कॅबिनेट उघडून बसतात.

आधी कान द्या

फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क असेल तर काहीही करण्याआधी कान जवळ न्या. वीज मिळताच ती हळूहळू वेग घेते, एक-दोनदा हलकं टक् होतं आणि मग एकसारखी घरघर सुरू राहते. हा चांगला आवाज. काहीच आवाज नाही, हाताला थरथरही जाणवत नाही, तर वीज पोचत नाहीये किंवा तिचं सर्किट गेलंय. बारीक बीप-बीप असा आवाज येत असेल तर बहुतेक वेळा मोटर फिरायचा प्रयत्न करतेय पण माहिती वाचणारी डोकी तबकडीला चिकटून बसलीत. आणि ठराविक अंतरानं टक्... टक्... टक्... असं चालू राहून मग फिरणंच थांबत असेल, तर डोकी आपली जागा शोधू शकत नाहीयेत.

शेवटच्या दोन आवाजांत आत हवी असलेली माहिती असेल तर वीज लगेच बंद करा आणि थेट या लेखाच्या शेवटच्या भागावर जा. "अजून एकदा लावून बघू" हाच अशा डिस्कचा खरा शत्रू. डोकं आणि तबकडी यांच्यात चालू असताना मोजक्या नॅनोमीटरचं अंतर असतं. बिघडलेलं डोकं प्रत्येक फेरीत पृष्ठभाग खरवडू शकतं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा हा सल्ला अजूनही कुणी ना कुणी देतंच. ऐकू नका, बाहेर काढल्यावर तबकडीवर दव जमतं. झाकण उघडून बघायचा मोहही टाळा.

एसएसडीला, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला, आवाज नसतो, त्यामुळे तिच्या बाबतीत हा आधार नाही. तिच्याकडे नंतर येऊ.

बायोसमध्ये बघताना होणारा घोळ

यंत्र चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहिलं की बहुतेक बोर्डांवर बायोस उघडतं, काहींवर एफ१० किंवा एस्केप. आता इथे एक गंमत आहे. निम्मे लोक बूटच्या यादीत बघतात आणि "नाहीये" म्हणून परत येतात. बूटच्या यादीत फक्त ज्यावरून यंत्र सुरू होऊ शकतं अशा गोष्टी येतात. नवी कोरी डिस्क तिथे नसणं अगदी स्वाभाविक आहे. तुम्हाला बघायची आहे ती साठवणीची यादी. कुठे तिला 'स्टोरेज', कुठे 'सॅटा कॉन्फिगरेशन', कुठे 'एनव्हीएमई कॉन्फिगरेशन' म्हणतात. सॅटा आणि एनव्हीएमई या डिस्क जोडण्याच्या दोन पद्धती. तिथे मॉडेलचं नाव आणि क्षमता दोन्ही वाचा. नाव विचित्र किंवा क्षमता शून्य असेल तर ते "दिसते" या सदरात मोडत नाही. ती आजारी आहे.

बायोसपर्यंत जायला आणखी एक कारण. विंडोजमधलं 'शट डाउन' हे पूर्ण बंद होणं नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर अर्धवट झोपच असते. 'रीस्टार्ट' केलं किंवा शिफ्ट दाबून ठेवून 'शट डाउन' केलं तर खरी नवी सुरुवात होते. डिस्क अचानक गायब झाली असेल तर एवढ्यानंही ती परतते, विशेषतः काल रात्रीपर्यंत नीट चालणारी.

बायोसला दिसते, पण विंडोजमध्ये नाही

विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि एक्स एकत्र दाबा, यादीतून 'डिस्क मॅनेजमेंट' निवडा. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी असते. आता त्या पट्टीवर काय लिहिलंय ते नीट वाचा. निदानाचं बरंचसं काम हा एक शब्दच करतो.

'नॉट इनिशियलाइझ्ड' लिहिलंय आणि डिस्क नवी आहे? उत्तम, काहीच बिघडलेलं नाही. नव्या डिस्कवर अजून विभागणीचा तक्ता नाही एवढंच. इनिशियलाइझ करा आणि तक्त्याच्या दोन पद्धतींपैकी जीपीटी निवडा. एमबीआर ही जुनी पद्धत १९८३ च्या डॉसपासून चालत आलेली आहे आणि ५१२ बाइटच्या सेक्टरवर ती सुमारे २.२ टीबीच्या पुढचा हिशोबच ठेवू शकत नाही. चार टीबीची डिस्क एमबीआर करून ठेवली की उरलेला भाग 'अनअलोकेटेड' म्हणून पडून राहतो आणि मग "अर्धी डिस्क दिसत नाही" अशी तक्रार येते. मात्र हेच 'नॉट इनिशियलाइझ्ड' जुन्या, भरलेल्या डिस्कवर दिसलं तर थांबा. तक्ता वाचता येत नाहीये, आणि तुम्ही होकार दिलात की विंडोज त्याच जागी नवा तक्ता लिहील.

'ऑफलाइन' लिहिलं असेल तर त्या डिस्कच्या नावावर उजवी क्लिक करून 'ऑनलाइन' करायचं. एका डिस्कची हुबेहूब प्रत काढून दोन्ही एकाच यंत्राला जोडल्या की हे हमखास होतं, कारण दोघींची ओळख-सही एकच असते. ऑनलाइन करताना विंडोज एकीची सही बदलतं. म्हणून ती प्रत पुढे बूट डिस्क म्हणून वापरायची असेल तर दोन्ही एकत्र जोडूच नका.

'हेल्दी' लिहिलंय पण अक्षर नाही? उजवी क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', एखादं मोकळं अक्षर द्या. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा हेच असतं. नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरनं ई किंवा एफ अक्षर आधीच घेतलेलं असतं आणि बाहेरून लावलेली डिस्क बापडी बिनअक्षरी बसून राहते. मी संपादकांच्या डिस्कना मुद्दाम शेवटची अक्षरं देते, तिथे सहसा कुणी येत नाही.

'रॉ' हा शब्द मात्र सावध करणारा आहे. विभाग आहे, पण आतली फाइल प्रणाली विंडोजला ओळखता येत नाही. याची दोन कारणं अगदी वेगळी आहेत. एक, डिस्क ओढून काढल्यामुळे किंवा वीज गेल्यामुळे आतली रचना तुटलीय. दोन, काहीच तुटलेलं नाही, डिस्क दुसऱ्या घरची आहे. मॅकवर एपीएफएसमध्ये किंवा लिनक्सवर ईएक्सटी४ मध्ये तयार केलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही, आणि ते कबूल करायचं सोडून ते सरळ "वापरायची असेल तर फॉरमॅट करा" म्हणतं. आमच्याकडे कॅमेरावाले मॅकवरून डिस्क भरून आणतात. एक नवा मुलगा त्या खिडकीवर 'फॉरमॅट' दाबणारच होता, शेजारच्या बाईनं मनगट धरलं म्हणून दिवसभराचं चित्रीकरण वाचलं. ती डिस्क मॅकला लावली आणि सगळं जिथल्या तिथे होतं. म्हणून 'रॉ' दिसलं की आधी विचारा, ही डिस्क याआधी कशाला जोडलेली होती?

बाकीचे शब्द पटकन. डिस्कवर कुलूप दिसत असेल तर तो विंडोजचा बिटलॉकर, त्यानं माहिती कुलूपबंद केलेली असते. ४८ अंकी रिकव्हरी की लागते, ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. 'फॉरेन' म्हणजे दुसऱ्या यंत्रातली डायनॅमिक डिस्क, ती 'इम्पोर्ट' करता येते. आणि एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते हा बिघाडच नाही. कंपनी एक टीबी म्हणजे दहाचा बारावा घात इतके बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीनं मोजतं. हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता उत्तर कागदावर लिहून भिंतीला लावलंय.

'डिस्क मॅनेजमेंट' उघडतच नाही, नुसतं लोड होत राहतं, आणि संशयित डिस्क काढली की लगेच उघडतं, असं झालं तर ती डिस्क वाचताना अडखळतेय असं समजा. विंडोज तिच्या उत्तराची वाट बघत बसलेलं असतं. ही हार्डवेअरची गोष्ट आहे, अक्षर-बिक्षर विसरा.

मॅकवर 'डिस्क युटिलिटी'त 'व्ह्यू'मधून 'शो ऑल डिव्हाइसेस' निवडल्याशिवाय नुसते विभाग दिसतात, डिस्क दिसत नाही. शिवाय फाइंडरच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या डिस्क दाखवायची खूण काढलेली असू शकते. लिनक्सवाल्यांना मी काही सांगायची गरज नसते, ते माझ्याकडे येण्याआधीच कर्नलचा सगळा लॉग वाचून आलेले असतात.

विंडोज बसवताना डिस्कची यादी रिकामी

नवा लॅपटॉप, बायोसमध्ये एनव्हीएमई डिस्क व्यवस्थित दिसते, आणि पेन ड्राइव्हवरून विंडोज बसवायला घेतलं तर "एकही ड्राइव्ह सापडला नाही". इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक यंत्रांवर व्हीएमडी नावाचं सेटिंग चालू असतं. मग डिस्क इंटेलच्या नियंत्रकाच्या मागे लपते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. उपाय दोन. लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून, फाइली मोकळ्या करून पेन ड्राइव्हवर ठेवायच्या आणि 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवायच्या. नाहीतर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचं.

दुसरा उपाय सोपा आहे, पण फक्त कोऱ्या यंत्रावर. व्हीएमडी चालू असताना बसवलेल्या विंडोजवर ते अचानक बंद केलंत तर निळा पडदा येतो, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. घाबरू नका, सेटिंग परत पूर्वीसारखं केलं की बहुतेक वेळा यंत्र सुरू होतं. बिटलॉकर असेल तर मधल्यामध्ये तो रिकव्हरी की मागू शकतो, म्हणून बायोसमध्ये काही बदलण्याआधी ती हाताशी हवी.

याच माळेतला आणखी एक मणी म्हणजे जुन्या डेस्कटॉपची बटण बॅटरी, सीआर२०३२. ती मेली की बायोस सगळी सेटिंगं विसरून मूळ स्थितीला जातं. रेड आणि एएचसीआय हे बायोसमधले डिस्क चालवायचे दोन मोड. तुमची डिस्क रेडच्या मोडमध्ये होती आणि बोर्डाची मूळ निवड एएचसीआय असेल, तर एका सकाळी यंत्र "बूट करायला काहीच नाही" म्हणू लागतं. घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं दिसलं तर आधी बॅटरी बदला आणि मोड परत लावा. डिस्कला दोष देऊ नका.

बायोसलाच दिसत नाही: सॅटा

आता कॅबिनेट उघडा. यंत्र बंद, मागची वायर काढलेली, आणि मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज निघून जाऊ द्या. लॅपटॉप असेल तर आतली बॅटरीही सोडवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. हे ऐकायला कंटाळवाणं आहे, पण वायर, पोर्ट आणि डिस्क तिन्ही एकदम बदलून "आता चालतंय" म्हणालात तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही आणि तीच खराब वायर खणात परत जाते. माझ्याकडे एक चांगली चालणारी सॅटा वायर बाजूला ठेवलेली आहे, लाल चिकटपट्टी लावून. तिला चाचणीशिवाय कुणी हात लावायचा नाही.

सॅटाला दोन जोडण्या असतात, सात पिनांची डेटाची आणि पंधरा पिनांची विजेची. डेटाची वायर अर्धवट बाहेर सरकणं हा सगळ्यात सामान्य दोष, म्हणून खटका असलेल्या वायरी घ्या. वायर बदलून बघा, मग बोर्डावरचा पोर्ट बदलून बघा. डिस्क अधूनमधून दिसते-जाते अशी असेल तर स्मार्टचे आकडे वाचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं मोफत साधन ते दाखवतं. १९९ क्रमांकाचा सीआरसी त्रुटींचा आकडा वाढत असेल तर माहिती वायरीत बिघडतेय, तबकडीवर नाही. वायर बदला आणि तो आकडा वाढायचा थांबतो का ते बघा. तो कमी कधीच होणार नाही. उलट ५, १९७ आणि १९८ हे आकडे शून्याच्या वर जाऊन वाढायला लागले असतील तर पृष्ठभागच खराब होतोय. प्रत काढा आणि डिस्क बदला.

विजेच्या बाजूला एक गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला बजावून सांगते. मॉड्युलर पॉवर सप्लायच्या वायरी एकमेकांत बदलायच्या नाहीत. डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण पॉवर सप्लायकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांचीही वेगळी. प्लग बसतो, आणि पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट जाऊन जोडलेल्या सगळ्या डिस्क एका क्षणात जळतात. नवा पॉवर सप्लाय बसवला आणि सगळ्या डिस्क एकदम गायब झाल्या, असं कुणी सांगितलं की मी पहिल्यांदा वायर जुनी ठेवली होती का ते विचारते.

दुसरी गंमत तिसऱ्या पिनेची. बाहेरच्या पेटीतून काढलेल्या काही मोठ्या डिस्क संगणकात लावल्यावर फिरतच नाहीत. सॅटाच्या नव्या आवृत्तीत विजेच्या जोडणीतल्या तिसऱ्या पिनेला "डिस्क बंद ठेव" हा इशारा देण्याचं काम दिलं गेलं, आणि जुने पॉवर सप्लाय त्याच पिनेवर ३.३ व्होल्ट सोडतात. डिस्क आज्ञाधारक, ती बंद राहते. त्या पिनेवर कॅप्टॉन या वीजरोधक टेपचा बारीक तुकडा चिकटवला की ती फिरायला लागते. चार पिनांच्या मोलेक्समधून वीज घेणारा ॲडॉप्टर लावूनही काम होतं, कारण त्यात ३.३ व्होल्ट नसतातच. पण ओतीव प्लास्टिकचे स्वस्त ॲडॉप्टर आतल्या आत शॉर्ट होऊन पेटतात म्हणून कुप्रसिद्ध आहेत, मी टेपच वापरते.

बायोसलाच दिसत नाही: एम.२

इथे सगळ्यात जास्त गैरसमज. एम.२ हे आकाराचं नाव आहे. त्या आकारात सॅटा डिस्कही येते आणि एनव्हीएमई डिस्कही, आणि दोघींची भाषा पूर्ण वेगळी. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, त्यावरून आतली भाषा कळत नाही. खाच बघा. दोन खाचा असतील तर ती बहुधा सॅटा असते, एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई. खात्रीसाठी मॉडेल क्रमांक शोधा. मग बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत तो स्लॉट काय स्वीकारतो ते वाचा. फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या स्लॉटात सॅटाची डिस्क नीट बसते, स्क्रूही लागतो, आणि ती कधीच दिसत नाही.

माहितीपुस्तिका उघडलीच आहे तर तळटीपाही वाचा, खरी माहिती तिथेच असते. अनेक बोर्डांवर दुसऱ्या एम.२ स्लॉटात डिस्क लावली की सॅटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात, कारण मार्ग सामायिक असतो. म्हणजे नवी डिस्क लावली आणि जुनी गायब झाली, तर दोन्ही धडधाकट आहेत, जुनी दुसऱ्या पोर्टला हलवा. काही स्लॉट प्रोसेसरवर अवलंबून असतात. इंटेलच्या ५०० मालिकेतल्या झेड५९०सारख्या बोर्डावर दहाव्या पिढीचा प्रोसेसर लावला तर प्रोसेसरला थेट जोडलेला एम.२ स्लॉट चालतच नाही. डिस्क पुढच्या स्लॉटात टाका. आणि एका कार्डवर चार एम.२ डिस्क लावून त्यातली एकच दिसत असेल तर बायोसमध्ये त्या स्लॉटचं बायफर्केशन, म्हणजे त्याच्या मार्गांची चार-चारच्या गटांत विभागणी, केलेलं नाहीये.

बसवण्याची पद्धतही तपासा. डिस्क तिरकी आत सरकवायची, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत, आणि मग खाली दाबून स्क्रू. हीट सिंकची पट्टी फार घट्ट आवळली तर डिस्क वाकून मागचं टोक उचललं जातं. मी अशा डिस्क काढून नुसत्या परत बसवल्या आणि त्या दिसायला लागल्या, हे अनेकदा झालंय.

बाहेरून लावायच्या डिस्क

आधी वायर. काही यूएसबी वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. डिस्कचा दिवा लागतो आणि संगणकाला काहीच कळत नाही. मग पोर्ट. यूएसबी २.० पोर्ट नियमानं ५०० मिलिअँपियर देतो, यूएसबी ३.० पोर्ट ९००. फिरत्या डिस्कला सुरुवातीचा झटका याहून मोठा लागू शकतो. म्हणून डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला लावा, हब काढा, किंवा स्वतःची वीज असलेला हब वापरा. मोठ्या डिस्कना बारा व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर असतो आणि त्याचा गोल पिन लॅपटॉपच्या एकोणीस व्होल्टच्या चार्जरसारखाच दिसू शकतो. आमच्या इथे प्रत्येक ॲडॉप्टरवर डिस्कचं नाव लिहिलेलं आहे, त्यामागचं कारण तुम्ही ओळखलं असेल.

वायर, पोर्ट, संगणक सगळं बदलून झालं तरी दिसत नसेल तर पेटीतलं ब्रिज सर्किट, म्हणजे यूएसबी आणि सॅटा यांना जोडणारा दुवा, गेलेलं असू शकतं आणि आतली डिस्क धडधाकट असू शकते. ती काढून थेट सॅटाला लावता येते, पण तीन अडचणी ध्यानात ठेवा. काही छोट्या डिस्कवर यूएसबीचा पोर्ट थेट सर्किटावरच असतो, सॅटा नसतोच. काही ब्रिज तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी सगळं एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक, करून लिहितात, मग बाहेर काढलेली डिस्क नुसता कचरा दाखवते. आणि काही जुन्या पेट्या ५१२ बाइटच्या सेक्टरऐवजी ४०९६ बाइटचे सेक्टर असल्याचं भासवत, त्यामुळे थेट लावल्यावर विभागणीचा तक्ता चुकीचा वाटतो. या शेवटच्या दोन्ही प्रसंगी डिस्क 'रॉ' किंवा 'नॉट इनिशियलाइझ्ड' दिसेल. माहिती आत तशीच असते, फक्त तशीच पेटी हवी.

मुकी झालेली एसएसडी

वीज अचानक गेल्यावर एसएसडी दिसेनाशी झाली तर एक उपाय करून बघण्यासारखा आहे. सॅटा एसएसडीची डेटा वायर काढा, विजेची राहू द्या, यंत्र चालू करून बायोसच्या पडद्यावर वीस-तीस मिनिटं सोडून द्या. मग बंद करून अर्धा मिनिट वीज काढा आणि हेच पुन्हा एकदा. एवढ्या वेळात तिच्या आतला नियंत्रक आपले पत्त्यांचे तक्ते पुन्हा जुळवू शकतो. नेहमी जमत नाही, पण नुकसान काही नाही.

जमलं तर लगेच प्रत काढा आणि मग फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतच चालणारा प्रोग्राम, अद्ययावत करा. फर्मवेअर हा प्रकार लोक हलक्यानं घेतात. २०१२ मध्ये क्रुशियल एम४ या एसएसडीसाठी सुधारित फर्मवेअर आलं, कारण ५,१८४ तास चालून झाल्यावर ती अडकायची. २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईनं आपल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला की ३२,७६८ तास भरले की त्या कायमच्या बंद पडतील, आणि सोबत लागलेल्या सगळ्या एकाच सुमारास पडतील. तो आकडा दोनचा पंधरावा घात आहे, तासांची मोजणी ठेवणारी जागा भरून वाहिली एवढीच चूक. हार्ड डिस्कही यातून सुटलेल्या नाहीत, सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ चा २००९ मधला प्रकार असाच होता. यांत्रिक दोष नसताना डिस्क बायोसला दिसेनाशी व्हायची.

एसएसडीचं मॉडेलचं नाव बदलून 'सॅटाफर्म एस११' असं काही दिसत असेल, किंवा क्षमता काही मेगाबाइटच दाखवत असेल, तर नियंत्रकाला स्वतःचं फर्मवेअर वाचता येत नाहीये. घरगुती उपाय इथे संपतात.

आत हवं असलेलं काही असेल तर

डिस्क दिसते पण अडखळते, फोल्डर उघडायला मिनिटं घेते, अशा वेळी विंडोजचं 'चेकडिस्क' चालवू नका. ते फाइल प्रणाली सुसंगत करण्यासाठी डिस्कवर लिहितं, आणि तुमच्या फाइली वाचवणं हे त्याचं काम नाही. आधी पूर्ण प्रत. लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते सोपा भाग आधी उचलतं, अडलेले तुकडे नंतरसाठी ठेवतं आणि कुठे काय राहिलं त्याची नोंद फाइलीत लिहितं. मधेच थांबलं तर त्याच नोंदीवरून पुढे चालू करता येतं. प्रत घेणारी डिस्क तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची हवी. कमांड देण्यापूर्वी कुठली डिस्क मूळ आणि कुठली रिकामी, हे क्षमतेवर विसंबू नका, सिरियल क्रमांकावरून पडताळा. त्यानंतरचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर. हरवलेला विभाग शोधायला टेस्टडिस्क हे मोफत साधन चांगलं आहे. एसएसडी चुकून फॉरमॅट झाली असेल तर मात्र यंत्र चालू ठेवू नका. ट्रिम म्हणजे कुठले भाग मोकळे झाले ते कार्यप्रणालीनं एसएसडीला कळवणं, आणि कळवलेले भाग ती आपणहून पुसून टाकते आणि मग कुठलंच साधन काही परत आणू शकत नाही.

टक्-टक् करणारी, बीप करणारी किंवा अजिबात न फिरणारी डिस्क असेल आणि आतलं गमवायचं नसेल तर डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडेच द्या. तशाच दुसऱ्या डिस्कचं सर्किट काढून लावायचा उपाय पूर्वी चालायचा. आता सर्किटावरच्या रॉममध्ये त्याच एका डिस्कच्या डोक्यांची मापं लिहिलेली असतात, त्यामुळे नुसती अदलाबदल चालत नाही. डिस्क देताना पेटी आणि ॲडॉप्टर मूळचेच सोबत द्या. कागदावर लिहा की ती शेवटची कधी चालली, त्यानंतर काय काय करून बघितलं, पडली किंवा भिजली होती का, कुठल्या कार्यप्रणालीवर होती, आणि कुठले फोल्डर सगळ्यात आधी हवेत. बिटलॉकर किंवा दुसरं कुलूप असेल तर त्याची की तयार ठेवा, पण डिस्कवर चिकटवू नका, वेगळी पाठवा.